जे काढून टाकले त्याचे मोल



पर्युषण संपल्यावर क्षमापनेसाठी बार्शीला बहिणीकडे गेलो होतो. खमतखामणा झाला, जेवण झाले, आणि दाजी मला दुकानाच्या माडीवर घेऊन गेले. त्यांचे भुसाराचे आडत दुकान आहे. बोलणे मोजके, सौदा ठरवल्यासारखे. म्हणाले, "दादा, तुम्ही बँकेत आयुष्य काढलंय, हिशेब तुम्हाला कळतो. तुमच्या भाच्याला जरा समजवा. डिसेंबरात जर्मनीला जायचं म्हणतो. मी विचारलं, माल बघायला? नाही. मशीन बघायला? नाही. गाड्या बघायला. घेणार आहेस का? तर तेही नाही. जी घ्यायची नाही ती बघायला एवढं तिकीट कशाला?"

माझ्याकडे आलेले काम थकीत कर्जाच्या वसुलीइतकेच अप्रिय होते. मी नाइलाजाने भाच्याच्या खोलीत गेलो. मुलगा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, सकाळी नऊपासून गादीवर बसणारा; व्यसन नाही, उधळेपणा नाही. तिकिटाचे पैसे त्याने स्वतःच्या बचतीतून बाजूला काढले होते. भिंतीवर एकच मोठे चित्र होते. पांढरी, लहानखुरी, दोन दारांची मोटार; बगलेवर हिरव्या ठसठशीत अक्षरांत 'कॅरेरा' असे नाव, चाकांनाही तोच हिरवा रंग, आणि मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला पत्रा. गाडी १९७३ सालची. पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७.

मी अधिकाऱ्याच्या सवयीने विचारले, "हिच्यात विशेष काय आहे?"

तो म्हणाला, "मामा, हिच्यात काय नाही ते विचारा."

आणि त्याने यादी सांगितली. मागची सीट नाही. घड्याळ नाही. समोरच्या कप्प्याला झाकण नाही. शेजारी बसणाऱ्यासाठी ऊन अडवायची फळी नाही. दाराला हात टेकायला जागा नाही, उघडण्यासाठी ओढायचा साधा पट्टा आहे. जाड गालिचा नाही, आवाज अडवणारे अस्तर नाही. पत्रा नेहमीपेक्षा पातळ, काच नेहमीपेक्षा पातळ. पुढच्या झाकणावर कंपनीचे धातूचे मानचिन्ह असते, तेही वजन वाचावे म्हणून काढले आणि त्या जागी चिकटपट्टीसारखा छापील कागद लावला. एवढे सगळे काढून गाडीचे वजन ९६० किलोवर आणले.

मी मनात म्हटले, आमच्या बँकेत अशी गाडी तारणासाठी आली असती, तर मूल्यांकन करणाऱ्याने 'अपूर्ण' असा शेरा मारून कागद परत पाठवले असते. पण त्या रात्री भाचा बोलत गेला, मी ऐकत गेलो, आणि घरी आल्यावर मीही वाचू लागलो. साठी उलटल्यावर नवा विषय सापडावा आणि तो मोटारींचा असावा, याचे माझे मलाच नवल वाटते.

हकिगत अशी. शर्यतींच्या जागतिक स्पर्धेचे नियम १९७२ पासून बदलले. इंजिनाच्या आकारावर तीन लिटरची मर्यादा आली आणि पोर्शेची ९१७ ही आधीची दोन वर्षे गाजलेली गाडी स्पर्धेबाहेर पडली. त्याच वर्षी कंपनीची सूत्रे अर्न्स्ट फूरमान या अभियंत्याकडे आली. आता शर्यतीत उतरायचे ते रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ९११ या गाडीच्या आधाराने, असे त्यांनी ठरवले. मात्र त्यातही एक अट होती. ज्या गाडीवरून शर्यतीची गाडी तयार करायची, ती किमान ५०० नग तरी बनवलेली असली पाहिजे. कोणी दोन-चार खास यंत्रे घडवून 'हीच आमची विक्रीची गाडी' म्हणू नये, म्हणून ही तरतूद.

आता अडचण पाहा. शर्यतीसाठी हलकी आणि उघडीबोडकी गाडी हवी, आणि तशाच ५०० गाड्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायच्या! विक्री विभागाला हे जमेल याची खात्री नव्हती. जो माणूस एवढे पैसे मोजतो त्याला मऊ आसन आणि घड्याळ हवे असणार, हा त्यांचा तर्क. आपल्यापैकी कोणीही दुकानदार तोच तर्क करील.

अभियंत्यांनी आपले काम केले. इंजिनाचा आकार २.४ वरून २.७ लिटरवर नेला, शक्ती २१० अश्वशक्ती झाली. मागची चाके पुढच्यापेक्षा रुंद केली. पोर्शेच्या रस्त्यावरील गाडीत हे प्रथमच घडले. वेगात असताना ९११ चा मागचा भाग हवेने उचलला जाई आणि वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ पाहत असे. त्यावर उपाय म्हणून मागच्या झाकणावर पत्र्याची कड थोडीथोडी वाढवून पाहिली आणि तिथून ती बदकाची शेपटी जन्मली. ती शोभेसाठी लावलेली नाही; हवेचा उचल कमी करून ती मागची चाके रस्त्याला धरून ठेवते. गाडीचा कमाल वेग ताशी २४५ किलोमीटर होता आणि शून्यापासून शंभरपर्यंत पोचायला सहा सेकंदही लागत नसत. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात गाडी मांडली. नोव्हेंबर संपेपर्यंत पाचशेच्या पाचशे विकल्या गेल्या. मागणी थांबेना म्हणून बनवत राहिले. एकूण १,५८० झाल्या. हजाराचा आकडा ओलांडल्यामुळे शर्यतीच्या आणखी एका गटाचे दार उघडले, हा वरकड नफा.

मला सर्वांत रस वाटला तो किंमतपत्रकात. गाडीची मूळ किंमत ३४,००० मार्क. त्यावर दोन पर्याय होते. पहिला 'स्पोर्ट', म्हणजे वर सांगितलेली सगळी काटछाट. त्यासाठी ७०० मार्क जास्त. दुसरा 'टूरिंग', म्हणजे काढलेल्या सोयी पुन्हा बसवून देणे. त्यासाठी २,५०० मार्क जास्त. काढण्याचेही पैसे आणि घालण्याचेही पैसे! माल एकच असताना दोन्ही बाजूंनी आकार लावणारा व्यापारी मी बार्शीच्या बाजारातही पाहिलेला नाही. दाजींना हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

गिऱ्हाइकांनी काय निवडले? १,३०८ जणांनी टूरिंग घेतली. काटछाट केलेली स्पोर्ट घेणारे फक्त २००. उरलेल्यांत ५५ गाड्या थेट शर्यतीसाठी बांधल्या आणि १७ मूळ रूपात राहिल्या. म्हणजे ज्या हलकेपणाचे कौतुक करत लोक प्रदर्शनात जमले, त्यांतील बहुतेकांनी घरी नेताना घड्याळ आणि मागची सीट मागून घेतली. माणसाचा स्वभाव आहे. प्रवचनात अपरिग्रहावर मान डोलावून घरी आल्यावर नवी तिजोरी कुठे ठेवावी, यावर चर्चा करणारे आपणच असतो, मीही त्यातलाच.

एक गोष्ट वाचताना मात्र मला आमच्या शाखेतील ३१ मार्चची संध्याकाळ आठवली. शर्यतीच्या नियमांसाठी गाडीच्या अधिकृत वजनाची नोंद व्हावी लागे. म्हणून गाड्या आधी अगदी मूळ, निराभरण रूपात तयार करून काट्यावर चढवत, वजन नोंदवत, आणि मग परत कारखान्यात आणून गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे सामान बसवत. ताळेबंदाच्या दिवशी ठेवी फुगवून एक एप्रिलला त्या परत करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. इथे फरक एवढाच, की फुगवण्याऐवजी रोडावून दाखवत. नियमाच्या अक्षराला धक्का नाही. बाकी आत्म्याचे ज्याचे त्याने पाहावे.

आज त्या दोनशे हलक्या गाड्यांचे काय झाले? लिलावात त्यांतील चांगल्या गाड्या दहा लाख डॉलरच्या पुढे गेलेल्या आहेत. घड्याळ असलेल्या गाडीहून घड्याळ नसलेली गाडी कितीतरी महाग. मोटारगाडी म्हणजे दुकानातून बाहेर पडताच घसरणारे तारण, हे मी पस्तीस वर्षे कर्जदारांना सांगत आलो. घसाऱ्याचा तक्ता मला पाठ होता. त्या तक्त्यात अशा गाडीसाठी रकाना नव्हता.

जिथे भाव चढतो तिथे खोटा माल येतोच. साध्या ९११ ला शेपटी आणि अक्षरे चिकटवून 'आरएस' म्हणून खपवणारे पुष्कळ निघाले. म्हणून या गाडीचे जाणकार तिच्याकडे कसे पाहतात, ते ऐकण्यासारखे आहे. चासी क्रमांक मूळ नोंदीशी जुळतो का, इंजिन त्याच गाडीचे आहे का, पत्रा खरोखर पातळ आहे का, पहिला मालक कोण, मधली कागदपत्रे सलग आहेत का. जमीन गहाण घेताना आमचे वकील तीस वर्षांचा शोध घेत. हे लोक पन्नास वर्षांचा घेतात. या एका नमुन्यावर जाडजूड ग्रंथ निघालेले आहेत. सराफाने कसोटीवर सोने घासावे तसे यांचे डोळे पत्र्याच्या जोडावर घासले जातात. भाचा भारताबाहेर कधी गेला नाही, पण चित्रात पाहून तो सांगतो की आरसा नंतर बदललेला आहे. अशा लक्षपूर्वक पाहण्याला मी उधळेपणा म्हणू शकलो नाही.

हा एकाच कारखान्याचा छंद नव्हे. फेरारीने आपल्या चाळिसाव्या वर्षी, १९८७ मध्ये एफ४० काढली. वृद्ध एन्झो फेरारींच्या हयातीत सादर झालेली ती शेवटची गाडी. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला दोरी. गंमत म्हणजे वातानुकूलन मात्र ठेवले, कारण इंजिनाच्या उष्णतेने आतला माणूस भाजला असता. पुढे गॉर्डन मरे यांनी रचलेली मॅक्लारेन एफ१ आली. तिच्यात चालक मधोमध बसतो आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा लावलेला असतो. सोने मिरवण्यासाठी नव्हे. ते उष्णता चांगली परतवते म्हणून, आणि मालकाला झाकण उघडल्याशिवाय ते दिसतही नाही. आपल्या समाजात सोन्याचा इतका निरपेक्ष उपयोग मी अद्याप पाहिलेला नाही. शर्यतीच्या धरून अशा १०६ गाड्या झाल्या आणि १९९५ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्यांच्यापैकी एकीने जिंकली.

दुर्मीळपणाबद्दल व्यापारी वाचकांना एक इशारेवजा हकिगत सांगितली पाहिजे. २०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर नावाची गाडी काढली. हलकी, हाताने गिअर बदलायची, आणि मोजून ९९१ नग. त्या वेळी कंपनीच्या त्या वर्गातील गाड्यांत हाताचा गिअर मिळेनासा झाला होता. मग काय, काही महिन्यांत मागणारे मूळ किमतीच्या कितीतरी पट मागू लागले. चालवण्याची इच्छा नसलेल्यांनीही घेऊन ठेवल्या. पुढच्याच वर्षी कंपनीने जीटी३ या गाडीत हाताचा गिअर परत दिला, त्याच वळणाची टूरिंग आवृत्तीही आणली, आणि तिला संख्येची मर्यादा घातली नाही. आरचे भाव घसरले. ज्याने चालवण्यासाठी घेतली त्याचे काहीच बिघडले नाही, त्याची गाडी तशीच पळत राहिली. ज्याने साठा केला होता तो बसला. तुरीच्या साठ्याचा आणि आयातीच्या परवान्याचा अनुभव असलेल्या दाजींना यात नवे काही वाटले नाही.

पण दुर्मीळ आणि टंचाईची या दोन शब्दांत फरक आहे. पॅरिसमध्ये ती पांढरी गाडी उभी होती त्या १९७२ साली आपल्याकडे फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ती फियाट मुंबईत कुर्ल्याला बनवणारी प्रीमियर कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी उभारलेली, आपल्याच समाजातील पुरुषाची. माझ्या वडिलांच्या पिढीला ती मिळाली की पेढे वाटत. तीही दुर्मीळच होती. पण ते दुर्मीळपण नाइलाजाचे होते, परवान्यांनी लादलेले. तिला दार ओढायला पट्टा असता तर आपण तक्रार केली असती.

आता मूळ प्रश्न. घ्यायची नाही तर पाहायची कशाला?

दाजींच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर तयार होते. घेतल्याशिवाय पाहता येणे हीच तर आपल्या धर्माची शिकवण, असे सांगून मी मोकळा होणार होतो. मुलगा पाहतो, समजून घेतो, वस्तू जिथल्या तिथे सोडून परत येतो. यात परिग्रह कुठे? पण लिहिताना हात अडला. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. वस्तू ताब्यात असो वा नसो, तिच्यात चित्त गुंतले की परिग्रह झालाच. शिवाय कर्म तीन वाटांनी येते: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि अनुमोदन दिलेले. कौतुक हे अनुमोदनच. 'नुसते पाहतो, आपले काय जाते' हे वाक्य जैन हिशेबात टिकत नाही. जो पांढरी गाडी वातानुकूलित कोठारात झाकून ठेवतो आणि वर्षातून एकदा पुसतो, तो आणि जो भिंतीवर तिचे चित्र लावून रोज पाहतो, या दोघांच्या खात्यात काय काय जमा होते, हे बाहेरून सांगता येत नाही. श्रावक परिग्रहाचे परिमाण करतो तेव्हा इतकी घरे, इतके सोने, इतकी वाहने अशी वरची मर्यादा घालतो. चित्ताच्या गुंतण्याला किती किलोची मर्यादा घालायची?

म्हणून चातुर्मासासाठी आमच्या गावात विराजमान असलेल्या एका साध्वीजींना विचारले. त्यांना पोर्शे म्हणजे काय ते सांगण्यात बराच वेळ गेला. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "ते चित्र भिंतीवरून काढलं तर त्याला झोप लागेल का?"

मी फोनवर भाच्याला तोच प्रश्न केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोन दिवस नाही लागणार, मामा. मग लागेल." मला हे उत्तर खरे वाटले. हिशेबनीस माणसाला गोल आकड्यांचा संशय येतो. 'लगेच लागेल' म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

दिवाळीनंतर पुन्हा बार्शीला जाणे झाले. या वेळी दाजी स्वतः माझ्याबरोबर त्या खोलीत आले. चित्रासमोर उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "हिचा पत्रा खरंच पातळ आहे?"

"हो."

"मग धडकली तर?"

खोलीत कोणी बोलले नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की हा प्रश्न तिकिटाचा कधीच नव्हता. दाजींचा धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावर रात्रीच्या वेळी मोटार अपघातात गेला. गाडी मित्राची होती, वेगाची होती, आणि तो ती चालवून पाहण्यासाठी गेला होता. त्या घरात ही गोष्ट बोलली जात नाही. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. भिंतीवरच्या चित्राकडे पाहून बापाला दरवेळी काय दिसत असेल, याचा विचार मी केला नव्हता, मुलानेही केला नव्हता.

मी जे वाचले होते त्यातले जेवढे उपयोगी होते तेवढे सांगितले. बगलेवरचे ते 'कॅरेरा' नाव स्पॅनिश भाषेतले आहे, अर्थ शर्यत. १९५० ते १९५४ या काळात मेक्सिकोत देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालू रस्त्यांवरून मोटारींची शर्यत होई, तिचे हे नाव. तीत पोर्शेच्या छोट्या गाड्यांनी यश मिळवले, म्हणून कंपनीने नाव उचलले. पण त्या पाच वर्षांत तिथे पंचवीसहून अधिक माणसे मेली आणि शर्यत बंद पडली. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सला एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आणि या भिंतीवरच्या गाडीच्या शर्यती भावंडाने, आरएसआरने, १९७३ मध्ये अमेरिकेतील डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तशीच सिसिलीतील टार्गा फ्लोरिओही जिंकली. टार्गा ही डोंगरातल्या गावांमधून, घरांच्या उंबऱ्यांवरून जाणारी शर्यत. त्या वर्षानंतर ती जागतिक स्पर्धेतून वगळली गेली. रस्ते माणसांचे आहेत, वेगाचे नाहीत, हे तिकडच्या लोकांनाही प्रेते मोजूनच कळले. म्हणून वेग कुंपणाच्या आत, बंद मार्गावर नेला. 'ट्रॅकची गाडी' या शब्दाचा खरा अर्थ तो आहे.

मग मुलानेच सांगितले, जे त्याने घरात आजवर सांगितले नव्हते. मागच्या वर्षी तो मित्रांबरोबर कोइंबतूरजवळच्या करी ट्रॅकवर एक दिवस जाऊन आला होता. शर्यत नव्हे, शिकण्याचा दिवस. साधीच गाडी. हेल्मेट, आधी ब्रेकची तपासणी, शेजारी शिकवणारा, ठरलेल्या जागेशिवाय कोणाला ओलांडायचे नाही, झेंडा दिसला की गाडी बाजूला. "पप्पा, तिथं पहिल्याच वळणावर कळलं की मला गाडी चालवता येत नाही. तेव्हापासून मी रस्त्यावर ऐंशीच्या वर गेलेलो नाही. तुम्ही शेजारी बसून बघा."

दाजी काही बोलले नाहीत. न सांगता गेल्याचा राग त्यांना आलेला दिसत होता, आणि तो रास्त होता. मीही मुलाला तसे बोललो. वेगाचा शौक निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. बंद मार्गावरही इंधन जळते, टायर झिजतात, कीटक मरतात, माणसे मरू शकतात, आणि करमणुकीसाठी हे करावे का, हा प्रश्न श्रावकाने स्वतःला विचारलाच पाहिजे. माझे स्वतःचे मत असे झाले आहे, की मुलाने संग्रहालयात जावे आणि ट्रॅकवर पुन्हा जाऊ नये. भाच्याचे मत याच्या अर्धेच जुळते.

जाण्याचे ठरले. श्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात पोर्शेचे संग्रहालय आहे, कारखान्याला लागूनच. बहिणीने खाकऱ्यांचे डबे भरायला घेतले आहेत. तिला एकच चिंता होती, ती मी नकाशा आणि पंचांग घेऊन सोडवली आणि तिची चिंता वाढवली: डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो. चौविहार पाळायचा तर चार वाजता जेवून घ्यावे लागेल, म्हणजे संग्रहालय दुपारच्या आतच पाहून संपवावे लागेल. मुलगा म्हणाला, मी सकाळी दार उघडायच्या आधीच जाऊन उभा राहीन.

निघताना दाजी मला स्टँडवर सोडायला आले. गाडीत मी त्यांना काट्यावरच्या वजनाची ती गोष्ट सांगितली. आधी सामान काढून तोलायचे, नोंद करायची, मग सामान बसवायचे. आडत्याला ती एका वाक्यात कळली. "म्हणजे बारदान वजा करून," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. सांगत होती, रात्री दुकान बंद करताना त्यांनी मुलाला हाक मारली आणि सांगितले, "तिथं पाटीवर किती वजन लिहिलंय ते बघून ये. आणि विचारून ये, बारदानासकट की बारदान सोडून."